बोटाखालचा बांध

फोनवर गावाचा नकाशा उघडा. जिल्हा निवडा, तालुका निवडा, गाव निवडा. पडद्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटतात आणि प्रत्येक घरात एक आकडा दिसतो. त्यातल्या एका घरावर बोट टेकवलं की ते रंगतं आणि बाजूला माहिती उघडते. गट क्रमांक, क्षेत्र, खातेदाराचं नाव. हीच माहिती मिळवायला आपल्या आजोबांना तालुक्याच्या गावी खेपा घालाव्या लागत. आपण ती एसटीची वाट बघता बघता काढतो.

गंमत अशी की फोनला यातलं काहीच कळत नाही. काचेला फक्त दोन आकडे कळतात. बोट डावीकडून किती अंतरावर टेकलं आणि वरून किती. त्या दोन आकड्यांचा अर्थ ‘गट क्रमांक २१४’ असा होतो, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. नकाशावर दहा आकार असतील तर सांगणं सोपं. दहा हजार असतील तर फोन गरम होतो. दहा लाख असतील तर काय करायचं, यावर मी ज्या धंद्यात आहे त्या धंद्यातल्या लोकांनी आयुष्यं घालवली आहेत. मी नकाशांच्या वेबसाइटी बनवतो. गेली अठराएक वर्षं हेच करतोय, आणि माझी खात्री पटलीय की या प्रश्नाचं जे जे उत्तर निघालं त्यात काहीतरी टाकून द्यावं लागलं. काय टाकलं आणि ते कुणी ठरवलं, हा इतिहास मला तंत्रज्ञानापेक्षा जास्त रंजक वाटतो.

आधी हे आकार आले कुठून ते बघू. कारण कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधीच ते तयार होते.

१८१८ साली पेशवाई गेली आणि दख्खन कंपनी सरकारच्या हाती आलं. सारा किती घ्यायचा हे ठरवायचं तर जमीन मोजणं आलं. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२० च्या दशकाच्या अखेरीस पुणे भागात मोजणी केली, पण त्यावर बसवलेला सारा इतका जड निघाला की अनेक शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. मग १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापूरपासून नव्याने सुरुवात केली. १८४७ च्या ‘जॉइंट रिपोर्ट’मध्ये त्यांच्या पद्धतीचे नियम पक्के झाले आणि मुंबई इलाख्यात तीच पद्धत पसरली. आपण आज ज्याला सर्व्हे नंबर म्हणतो तो त्यांचा.

सर्व्हे नंबर म्हणजे एका शेतकऱ्याचं एक शेत, असं आपल्याला वाटतं. तसं नव्हतं. एका बैलजोडीला झेपेल एवढी जमीन हा एका नंबराचा साधारण अंदाज होता. त्याहून लहान तुकडे असले तर ते एकत्र करून एक नंबर द्यायचा. म्हणजे गावच्या नकाशावर पहिली रेघ उमटली तेव्हाच काही बांध कागदाबाहेर राहिले होते. जमिनीवर ते होते, भांडणात होते, पण नकाशात नव्हते. सरकारला नकाशा सारा वसुलीसाठी हवा होता, आणि त्या कामाला तेवढे आकार पुरत होते.

मोजायची साखळी तेहतीस फुटांची. तिचे सोळा आणे. तेहतीस फूट बाय तेहतीस फूट म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. आज पुण्याच्या आसपास ‘दोन गुंठे घेऊन टाकले’ म्हणणारा माणूस नकळत त्या साखळीची भाषा बोलत असतो. प्रत्येक नंबराचं वेगळं टिपण काढलं जाई. आकार आणि त्यावर लिहिलेली मापं, बस. क्षेत्र काढायचं तर त्या वेड्यावाकड्या आकाराचे त्रिकोण आणि चौकोन पाडायचे, एकेकाचं क्षेत्र काढायचं आणि बेरीज करायची. हा त्रिकोणांचा हिशेब लक्षात ठेवा, तो पुढे फोनमध्ये पुन्हा भेटणार आहे.

त्यानंतर १९४७ चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आला. जिथे ती योजना राबवली गेली तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आणि वाटण्या तर चालूच राहिल्या. कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रात १९७०-७१ साली सरासरी खातं ४.२८ हेक्टरचं होतं, २०१५-१६ पर्यंत ते १.३४ हेक्टरवर आलं. नकाशावाल्याच्या भाषेत सांगायचं तर आकार वाढत गेले आणि प्रत्येक आकार लहान होत गेला. आमच्यासाठी याहून वाईट बातमी नसते.

आता मूळ प्रश्न. एक बिंदू दिलाय, तो कुठल्या शेतात आहे?

यावरचा तोडगा इतका साधा आहे की आठवीतल्या मुलालाही पटेल. बिंदूवर उभे राहा आणि नाकासमोर पूर्वेला चालायला लागा. वाटेत त्या शेताची हद्द किती वेळा ओलांडली ते मोजा. विषम वेळा ओलांडली तर तुम्ही आत होतात, सम वेळा तर बाहेर. शेत कितीही नागमोडी असो, त्याला शेपटी असो, नियम बदलत नाही. १९६२ साली कॉम्प्युटरवाल्यांच्या एका मासिकात ही रीत छापून आली आणि आजही तुमचा फोन जवळपास हेच करतो.

अडचण अशी, की हे प्रत्येक शेतासाठी करायचं. गावात आठशे गट असतील तर आठशे वेळा. राज्यासाठी केलं तर बोट उचलून तुम्ही चहा पिऊन याल. त्यावरचा उपाय आपल्या महसूल खात्याला फार आधीपासून माहीत होता. आधी जिल्हा बघा, मग तालुका, मग मंडळ, मग सजा, मग गाव. १९८४ साली अँटोनिन गटमन यांनी हीच युक्ती कॉम्प्युटरसाठी मांडली. प्रत्येक आकाराभोवती एक चौकट आखायची, जवळजवळच्या चौकटी मोठ्या चौकटीत घालायच्या, त्या आणखी मोठ्या चौकटीत. बिंदू मोठ्या चौकटीतच नसेल तर आतल्या हजार आकारांकडे बघायचंही नाही. याला आर-ट्री म्हणतात. म्हणजे झाडच, पण मला ते कायम तहसील कचेरीसारखं दिसतं.

गटमन यांच्याही आधी, १९६० च्या दशकात, कॅनडात हा प्रश्न भलत्याच आकाराने उभा राहिला होता. तिथल्या सरकारला देशभरच्या जमिनीची नोंद करायची होती. कुठे शेती होईल, कुठे जंगल ठेवावं, कुठे काय. हजारो नकाशे, आणि ते एकमेकांवर ठेवून बघायचे. हाताने करायचं तर शेकडो माणसं आणि कित्येक वर्षं लागली असती. रॉजर टॉमलिन्सन नावाच्या तरुण भूगोलवाल्याने हे काम कॉम्प्युटरवर करता येईल असं सरकारच्या गळी उतरवलं. पुढे त्यांना या शास्त्राचे जनकच म्हणायला लागले.

त्यांच्या यंत्रणेतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे बांधाबद्दलची समज. दोन शेतं शेजारी आहेत. प्रत्येक शेताचा आकार वेगवेगळा साठवला तर मधला बांध दोनदा साठवला जातो. एकदा माझा म्हणून, एकदा तुमचा म्हणून. दोन नोंदींमध्ये केसभर फरक पडला की मध्ये फट पडते, नाहीतर एक आकार दुसऱ्यावर चढतो. टॉमलिन्सन यांच्या यंत्रणेत रेघ एकदाच साठवली जायची आणि तिच्यासोबत लिहिलेलं असायचं, डावीकडे कोण आणि उजवीकडे कोण. बांध एक, मालक दोन. गावाकडच्या कुठल्याही दिवाणी दाव्याचं सार एका ओळीत यावं तसं.

त्याच यंत्रणेवर काम करणाऱ्या आयबीएमच्या गाय मॉर्टन यांनी १९६६ साली आणखी एक सोय केली. नकाशाचे चौकोनी तुकडे कुठल्या क्रमाने ठेवले म्हणजे जमिनीवर शेजारी असलेले तुकडे साठवणीतही शक्यतो जवळजवळ येतील? त्यांनी इंग्रजी झेडसारखा वळत जाणारा क्रम सुचवला. मॉर्टन यांचं नाव बाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही, पण आज नकाशाचे तुकडे साठवताना तोच क्रम ठिकठिकाणी वापरतात.

मग इंटरनेट आलं आणि लोकांनी हे सगळं विसरून पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. आमच्या क्षेत्राची ही जुनी खोड आहे.

१९९३ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या ‘पार्क’ या प्रयोगशाळेत स्टीव्ह पुट्झ यांनी जगाचा एक नकाशा वेबवर ठेवला. क्लिक केलं की दूरचा कॉम्प्युटर नवं चित्र बनवून पाठवायचा. चित्र येईपर्यंत वाट बघायची. त्याच सुमाराला ब्राउझरमध्ये एक सोय आली. चित्रावर क्लिक केलं की ते दोन आकडे सर्व्हरकडे जायचे आणि आत की बाहेर हा हिशेब तिकडे व्हायचा. थोड्या वर्षांनी तो हिशेब आपल्याच ब्राउझरमध्ये होऊ लागला. १९९७ च्या एचटीएमएल ३.२ मध्ये त्याला अधिकृत जागा मिळाली. चित्र ठेवायचं आणि त्याच्यावर न दिसणारे बहुकोन अंथरायचे. प्रत्येक बहुकोनासाठी कोपऱ्यांचे आकडे हाताने लिहायचे.

माझी सुरुवात या हाताने लिहिण्यापासून झाली. एका छोट्या कंपनीत महाराष्ट्राचा नकाशा करायचा होता. जिल्ह्यावर क्लिक केलं की जिल्ह्याचं पान उघडायला हवं. तेव्हा पालघर व्हायचा होता, म्हणून जिल्हे पस्तीस. चित्र उघडायचं, माउस हद्दीवरून फिरवायचा, खाली दिसणारे आकडे वहीत उतरवायचे. गडचिरोलीला मी बावीस बिंदू दिले, सोलापूरला अठरा. मुंबई शहर जिल्हा त्या चित्रात मसुराच्या दाण्याएवढा येत होता आणि त्यावर माउस नेमका टेकवणं कुणालाच जमत नव्हतं. तेव्हा साहेबांनी सांगितलं, समुद्रात एक मोठा गोल काढ आणि त्यावर मुंबई लिही. मी काढला. लोक अरबी समुद्रावर क्लिक करून मुंबईत पोचायला लागले आणि एकानेही तक्रार केली नाही. नकाशा क्लिक करण्याजोगा करायचा तर तो थोडा खोटा करावा लागतो, हा धडा मला त्या गोलाने दिला.

जिल्ह्यांचं ठीक झालं, तालुक्यांचंही कसंबसं. मग कुणीतरी म्हणालं, गावं दाखवू या.

महाराष्ट्रात चाळीस हजारांहून जास्त गावं आहेत, देशात सहा लाखांहून जास्त. त्या काळी ब्राउझरमध्ये आकार काढायचा म्हणजे प्रत्येक आकार ही एक स्वतंत्र वस्तू असे. तिचा रंग, तिची कड, तिच्यावर बोट आलं की काय करायचं, हे सगळं ब्राउझर प्रत्येकासाठी लक्षात ठेवी. काही हजार आकार झाले की पडदा गोठायचा. पंगतीला पाचशे माणसं बसलीत आणि वाढपी एकच, अशी अवस्था.

याच्या थोडं आधी, ८ फेब्रुवारी २००५ ला गूगल मॅप्स आलं होतं. सिडनीतल्या एका लहान कंपनीत लार्स आणि येन्स रासमुसेन हे भाऊ आणि त्यांचे दोन सोबती यांनी त्याचा पाया घातला होता. २००४ मध्ये गूगलने ती कंपनी विकत घेतली. नकाशा ओढता येतो, ही तेव्हा जादू वाटली होती. जादू तुकड्यांत होती. अख्खी पृथ्वी २५६ ठिपके रुंद आणि तितक्याच उंच अशा एका चौकोनात. एक पातळी आत गेलं की त्याचे चार तुकडे, पुढे सोळा, पुढे चौसष्ट. अठराव्या पातळीपर्यंत तुकड्यांची संख्या ६,८७१ कोटींवर जाते. पण तुमच्या पडद्याला एका वेळी त्यातले दहा-वीसच लागतात. चित्रं आधी बनवून ठेवायची, मागतील तेवढी द्यायची.

यात आकार कितीही असोत, ब्राउझरला फरक पडेना, कारण त्याच्याकडे फक्त चित्र येत होतं. पण चित्राला क्लिक कळत नाही. म्हणजे आकार दिसायला लागले आणि बोटाला मुके झाले.

यावर २०११ च्या सुमारास मॅपबॉक्सच्या मंडळींनी जे काढलं ते मला आजही फार सुंदर वाटतं. त्याचं नाव यूटीएफग्रिड. प्रत्येक चित्राच्या तुकड्यासोबत अक्षरांचा एक तुकडा पाठवायचा. चौसष्ट ओळी, प्रत्येक ओळीत चौसष्ट अक्षरं. जिथे एक गाव तिथे एक अक्षर, शेजारचं गाव तिथे दुसरं. बोट टेकलं की त्या जागी कुठलं अक्षर आहे ते बघायचं, बस. शेताचा आकार नाही, हद्द नाही, हिशेब नाही. अक्षरं युनिकोडच्या क्रमाने वापरली जात. हिशेब केला तर एका तुकड्यात साधारण २,२७५ वा आकार आला की पाळी ‘अ’ची येते. एवढी गर्दी सहसा होत नाही, पण नकाशाच्या पोटात कुठेतरी आपली बाराखडी बसू शकते, हे कळल्यावर मी ऑफिसात एकटाच हसलो होतो.

दुसरी युक्ती रंगांची. एक दिसणारा नकाशा, त्याच्या मागे एक लपलेला. लपलेल्या नकाशात प्रत्येक शेताला वेगळा रंग, दोन शेतांना कधीच एक रंग नाही. बोट टेकलं की मागच्या नकाशातला रंग वाचायचा आणि रंगावरून शेत ओळखायचं. कॉम्प्युटरला वेगळे काढता येतील असे रंग १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ आहेत, त्यामुळे रंग पुरतात.

दरम्यान गूगलने २००९ मध्ये ‘फ्यूजन टेबल्स’ नावाची फुकट सोय दिली होती. कोड न लिहिता हजारो आकार नकाशावर टाकता येत. जगभरातल्या पत्रकारांनी तिच्यावर नकाशे उभे केले. ३ डिसेंबर २०१९ ला ती बंद झाली आणि कित्येक जुन्या बातम्यांमध्ये नकाशाच्या जागी रिकामा चौकोन उरला.

आता आजच्या फोनकडे येऊ. आज चित्रं पाठवत नाहीत, आकारच पाठवतात, पण तुकडे पाडून. फोनमधली ग्राफिक्स चिप ते रंगवते. त्या चिपला रंगवायला लागतात त्रिकोण. तेव्हा प्रत्येक शेताचे आधी त्रिकोण पाडावे लागतात. व्लादिमीर अगाफोन्किन या युक्रेनियन प्रोग्रॅमरने यासाठी लिहिलेलं एक छोटंसं साधन जगभर वापरलं जातं. इंदापूरच्या शिवारात वहीत क्षेत्र काढणाऱ्या कारकुनाला ते दाखवलं असतं तर त्याला काम लगेच समजलं असतं. हेच अगाफोन्किन ‘लीफलेट’चेही कर्ते. २०११ पासून निम्म्या जगाचे छोटे-मोठे नकाशे त्यावर चालतात, माझेही.

पण फोनला लाखो आकार तसेच्या तसे पाठवता येत नाहीत. डेटा पुरत नाही. म्हणून तीन गोष्टी होतात आणि तिन्हींत काहीतरी जातं.

पहिलं, वळणं जातात. डेव्हिड डग्लस आणि थॉमस पॉइकर यांची १९७३ ची रीत इथे वापरतात. ओढ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणा. दोरीपासून सगळ्यात लांब असलेलं वळण शोधा. ते ठरलेल्या अंतरापेक्षा लांब असेल तर ठेवा, दोरी तिथे दुमडा आणि दोन्ही भागांत पुन्हा तेच करा. नसेल तर मधली सगळी वळणं पुसा. किती अंतराला ‘फार नाही’ म्हणायचं, हा आकडा प्रोग्रॅमर टाकतो. बहुतेक वेळा नकाशा भरभर चालतोय का एवढंच बघून. आणि दोन शेजारी शेतांची वळणं वेगवेगळी पुसली तर मधल्या बांधाच्या पुन्हा दोन रेघा होतात. माइक बोस्टॉक यांनी २०१२ मध्ये टोपोजेसन काढलं ते यासाठी, रेघ एकदाच साठवायची म्हणून. टॉमलिन्सन यांच्यानंतर जवळपास पन्नास वर्षांनी.

दुसरं, बिंदू सरकतात. आजच्या प्रचलित पद्धतीत प्रत्येक तुकड्यावर ४,०९६ बाय ४,०९६ ची अदृश्य जाळी असते आणि प्रत्येक कोपरा जाळीच्या जवळच्या गाठीवर ओढला जातो. दहाव्या पातळीवर, आपल्या अक्षांशाला, दोन गाठींमधलं अंतर सुमारे नऊ मीटर येतं. तेहतीस फूट म्हणजे दहा मीटर. म्हणजे त्या पातळीवर जगातल्या सगळ्यात चांगल्या नकाशालाही एका गुंठ्याहून बारीक काही सांगता येत नाही. इतक्या लांबून कुणी गुंठा बघत नाही हे खरं. आत गेलं की जाळी बारीक होते, चौदाव्या पातळीवर साठ सेंटिमीटरच्या आसपास.

तिसरं मला जास्त छळतं. लाखो आकारांचे तुकडे पाडायला ‘टिपकनू’ नावाचं साधन वापरतात, एरिका फिशर यांनी लिहिलेलं. नाव १८४० च्या एका अमेरिकी निवडणूक घोषणेवरची कोटी आहे, पण मराठी कानाला ते टिपणाचं चुलत भावंड वाटतं. एका तुकड्याचं वजन ५०० किलोबाइटांच्या वर जाऊ द्यायचं नाही, हा त्याचा मूळ नियम. मग अगदी बारीक आकारांचं काय करायचं? त्यातल्या काहींना एका ठरावीक छोट्या चौकोनाचं रूप द्यायचं आणि बाकीचे काढायचेच नाहीत. हे अशा बेताने करायचं की सगळ्यांचं मिळून क्षेत्र तेवढंच राहील. लांबून बघणाऱ्याला नकाशा बरोबर दिसतो. हिशेबही जुळतो. फक्त अर्ध्या गुंठ्याचा मालक त्या पातळीवर गायब असतो आणि त्याच्या शेजाऱ्याला चौकोन मिळालेला असतो. साधन लिहिणाऱ्याचा यात काही दोष नाही, यापेक्षा प्रामाणिक तोडगा मला सुचत नाही. पण दूर जाताना आधी लहान आकार जातात, मोठे राहतात, हे खरंच आहे.

आणि काही आकार तर नव्हतेच. जुन्या मोजणीत शेतं मोजली गेली, गावठाण बहुतेक ठिकाणी एकाच आकारात गुंडाळलं गेलं. आत दोनशे घरं असोत, नकाशावर एकच रिकामं वर्तुळ. २०१८ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनने गावठाण मोजायचा प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० पासून ‘स्वामित्व’ योजनेत हे काम सुरू झालं. म्हणजे ज्या जागेत गाव सगळ्यात दाट राहतं ती नकाशात सगळ्यात शेवटी आली.

हे सगळं मला मागच्या वर्षी मामाच्या बांधावर उभं राहून सांगावं लागलं. मामाच्या हातात फोन, शेजारच्या आबांच्या हातात फोन. मामाच्या फोनवर निळा टिपका त्याच्या गटात, आबांच्या फोनवर त्याच जागी उभं राहून आबांच्या गटात.

“तू हेच करतोस ना रं पुण्यात?” मामा म्हणाला. “मग सांग की आबाला, सरकारी नकाशा हाय म्हणून.”

“माझा बी सरकारीच हाय, पाव्हणं,” आबा म्हणाले. “बघा, दाबलं की नाव येतंय.”

दाबलं की नाव येतं. दोघांचाही भरवसा तेवढ्यावरच होता. मी त्यांना कागदापासून सांगायला लागलो. १:१०,००० मापाच्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाड रेघ म्हणजे जमिनीवर पाच मीटर. तो कागद वर्षानुवर्षं घडी घालून ठेवलेला, दमट हवेत फुगलेला, उन्हाळ्यात आकसलेला. त्याचं स्कॅन, मग ते उपग्रहाच्या चित्रावर बसवताना झालेली ओढाताण. त्यावर वळणं पुसलेली. त्यावर फोनचं जीपीएस, तेही चार-पाच मीटर इकडेतिकडे. आणि ज्यावरून वाद चाललाय तो बांध हातभर रुंद. माझं बोलणं संपेपर्यंत आबांनी तंबाखू मळून झाली होती.

“म्हंजे ह्यात आमचा बांध दिसत न्हाई?” त्यांनी विचारलं.

“दिसतो. पण कुठे आहे ते कळत नाही,” मी म्हणालो.

शेवटी दोघांनी मिळून हद्द कायम मोजणीचा अर्ज केला, त्यातही अर्ज कुणाच्या नावाने करायचा यावर आठवडा गेला. मोजणीला तारीख मिळाली तेव्हा मी मुद्दाम रजा काढून गेलो. मोजणीदार पोरगेलासा होता, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. त्याच्याकडे काठीवर बसवलेला रोव्हर होता, उपग्रहावरून सेंटिमीटरांत जागा सांगणारा. पण सकाळचा पहिला तासभर तो त्याला हातच लावेना. हातात टिपणाची नक्कल घेऊन तो ओढ्याकाठच्या बाभळीपाशी काहीतरी शोधत होता. दोन माणसांनी पहारीने टोकरून वीतभर माती काढली तेव्हा हद्दीचा जुना दगड लागला. मग त्याने त्या दगडावर रोव्हर धरला आणि कामाला लागला.

दुपारपर्यंत खुणा पडल्या. वरच्या अंगाला आबा दोन हात आत आले होते, खालच्या अंगाला मामा दीड हात. मामाने तिथे लावलेल्या शेवग्याच्या दोन झाडांपैकी एक पलीकडे गेलं. आबा म्हणाले, शेंगा तुम्हीच न्या. मामा म्हणाला, बघू. दोघांनी जबाबावर सह्या केल्या. ‘क’ प्रत यायला अजून काही आठवडे होते.

संध्याकाळी पडवीत बसून मामाने फोन काढला आणि पुन्हा तोच गट दाबला. तो रंगला. रेघ होती तिथेच होती. त्याने दोन बोटांनी नकाशा मोठा केला, आणखी मोठा केला, शेवगा कुठे दिसतोय का ते बघत राहिला.